नवऱ्याच्या फंडाचे पैसे: दावा एक नाही, तीन असतात

कमावता माणूस गेला की फंडाचा विषय घरात निघतो तो बहुतेक उत्तरकार्य उरकल्यावर. मग एखादा दीर नाहीतर मेव्हणा कारखान्याच्या गेटवर येतो आणि विचारतो, "त्याचे फंडाचे किती निघतील?" मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका फौंड्रीच्या टाइम ऑफिसला पीएफचं, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचं, काम बघते. त्यालाच आपण फंड म्हणतो. माझं उत्तर ठरलेलं असतं: आकडा नंतर बघू, आधी त्याच्या बायकोला घेऊन या. पैसे तिचे आणि तिच्या पोरांचे आहेत, सह्या तिच्या लागणार आहेत आणि पुढं पेन्शनचा कागद आयुष्यभर तिलाच सांभाळायचा आहे. म्हणून हे सगळं मी तिलाच उद्देशून लिहितेय. ताई, सोबत कुणी येत असेल तर चांगलंच आहे, पण फाइल तुमच्या हातात ठेवा.

सगळ्यात आधी हे समजून घ्या की पगारामागं तीन वेगवेगळी खाती चालू होती. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जी रक्कम होते तिच्या १२ टक्के नवऱ्याच्या पगारातून कापले जात होते, ते सगळे पीएफमध्ये गेले. मालकही १२ टक्के भरतो, पण त्यातले ८.३३ टक्के १९९५ च्या पेन्शन योजनेत जातात. पेन्शनसाठी पगाराची मर्यादा १५,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये. उरलेलं पीएफमध्ये. आणि याच्याही वर मालक अर्धा टक्का विम्यासाठी भरतो. ही १९७६ ची योजना, ऑफिसात तिला ईडीएलआय म्हणतात. कामगाराच्या पगारातून तिच्यासाठी एक रुपया कापत नाहीत, त्यामुळं पगार पावतीवर ती दिसत नाही, आणि घरच्यांना असं काही आहे याचा पत्ताच नसतो.

म्हणून दावे तीन. पीएफच्या शिलकीसाठी फॉर्म २०, विम्यासाठी फॉर्म ५-आयएफ आणि पेन्शनसाठी फॉर्म १०-डी. मृत्यूच्या दाव्यासाठी आता एकत्रित फॉर्मही आहे. त्यात जे जे मागायचं त्यापुढं खूण करायची असते. तिन्हीपुढं खूण झालीय का, हे सही करण्याआधी स्वतः बघा. मी अशी घरं पाहिली आहेत जिथं पीएफचे पैसे आले, घरावर पत्रे पडले, आणि पेन्शन नि विमा कुणी मागितलाच नाही, कारण "फंड मिळाला" म्हणजे सगळं मिळालं अशी समजूत. तुमचंही असं झालं असेल, पीएफ काढून काही वर्षं लोटली असतील, तरी उरलेले दोन अर्ज आजही करा. शिल्लक घेतली म्हणून पेन्शनचा हक्क जात नाही.

विमा किती मिळतो

इथं आकडे मोठे असतात, म्हणून हिशेब मांडूनच दाखवते. मागच्या बारा महिन्यांच्या पगाराची सरासरी काढायची. पगार कितीही असला तरी १५,००० च्या वर धरत नाहीत. त्या सरासरीला ३५ नं गुणायचं. मग त्याच बारा महिन्यांतल्या पीएफ शिलकीची सरासरी काढून तिची निम्मी रक्कम त्यात मिळवायची. ही निम्मी रक्कम जास्तीत जास्त १,७५,००० धरतात.

समजा सरासरी पगार १४,००० होता आणि सरासरी शिल्लक ३,००,०००. चौदा हजार गुणिले ३५ म्हणजे ४,९०,०००. शिलकीचे निम्मे १,५०,०००. एकूण ६,४०,००० रुपये. पगार १५,००० किंवा जास्त आणि शिल्लक साडेतीन लाखांच्या पुढं असेल तर पूर्ण ७ लाख, त्याहून जास्त नाही. आणि नोकरी सलग बारा महिने झालेली असेल तर हिशेब कितीही कमी येवो, किमान अडीच लाख मिळतात. हे बारा महिने एकाच कारखान्यात झालेले असावेत असंही नाही.

२०२५ च्या जुलैमध्ये या योजनेत आणखी सुधारणा झाल्या, त्या आपल्याकडच्या पोरांच्या फार उपयोगाच्या आहेत. एक कारखाना सोडून दुसऱ्यात लागेपर्यंत साठ दिवसांपर्यंतचा खंड पडला तरी आता नोकरी सलग धरतात. वर्ष भरायच्या आत माणूस गेला तरी किमान ५०,००० मिळतात. आणि आजारपणामुळं शेवटचे काही महिने पगारच नव्हता, वर्गणी भरली गेली नाही, असं असेल तर शेवटची वर्गणी ज्या पगाराची आहे त्यापासून सहा महिन्यांच्या आत मृत्यू झाला आणि नाव कारखान्याच्या पटावर होतं, तर विमा लागू होतो. कॅन्सरनं किंवा किडनीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरच्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. "तो तर कामावर येतच नव्हता, विमा कसला" असं कुणी सांगितलं तर तेवढ्यावर परत फिरू नका.

सिमकार्ड बंद करू नका

हे मी मुद्दाम वेगळं सांगतेय. नवऱ्याचा मोबाईल नंबर त्याच्या यूएएनला, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबराला, जोडलेला असतो. घरात दुःख असतं, फोन पोरांच्या हातात जातो, रिचार्ज संपतो आणि नंबर बंद पडतो. तसं होऊ देऊ नका, छोटं रिचार्ज मारून तो चालू ठेवा. त्या नंबरावरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल दिला तर, खातं चालू आणि केवायसी झालेलं असेल तर, यूएएन आणि शिल्लक मेसेजनं कळते. पगार पावती सापडत नसेल तेव्हा याचा फार उपयोग होतो.

पण त्याच फोनवर येणारा ओटीपी वापरून त्याच्या नावानं ऑनलाइन पैसे काढायला जाऊ नका. ई-सेवा केंद्रात किंवा एजंटाकडं "आत्ताच्या आत्ता काढून देतो" असं सांगणारे भेटतात. ते काय करतात, तर जिवंत माणसानं नोकरी सोडल्यावर भरायचा फॉर्म १९ मयत माणसाच्या नावानं भरतात. एक तर हे खोटं आहे. दुसरं, पैसे जातात नवऱ्याच्याच बँक खात्यात, जे मृत्यू कळल्यावर बँक गोठवते. तिसरं आणि सगळ्यात वाईट, रेकॉर्डवर त्यानं स्वतः हिशेब घेतल्यासारखं होतं आणि तुमचा विम्याचा न् पेन्शनचा दावा अडकतो. एजंटाला टक्केवारी देण्याइतकं अवघड काम यात काहीच नाही. फॉर्म फुकट आहेत, ऑफिसात दावा दाखल करायला फी नाही.

नवऱ्यानं हयातीत ऑनलाइन नॉमिनेशन केलेलं असेल आणि त्यात तुमचं नाव असेल, तर तुम्ही स्वतः तुमच्या हक्कानं ऑनलाइन दावा करू शकता. ईपीएफओच्या, म्हणजे फंडाच्या सरकारी ऑफिसच्या, सदस्य पोर्टलवर लाभार्थीनं मृत्यू दावा करायची वेगळी जागा आहे. तिथं नवऱ्याचा यूएएन, तुमचं आधार, आणि ओटीपी येतो तो तुमच्या आधारला जोडलेल्या मोबाईलवर. म्हणजे तुमच्या आधारला तुमचाच नंबर हवा. दिराचा किंवा शेजारच्या पोराचा जोडलेला असेल तर आधी तो बदलून घ्या.

दाखला आणि नावं

मृत्यूची नोंद जिथं मृत्यू झाला तिथं होते, गावात नाही. आपल्याकडं माणूस गावातून मिरजेच्या दवाखान्यात हलवतात आणि तो तिथं जातो. मग घरचे ग्रामपंचायतीत दाखला मागत बसतात. त्याची नोंद सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेकडं असते. एकवीस दिवसांच्या आत नोंद झाली की काही दंड नाही. दाखल्याच्या बऱ्याच प्रती एकदमच काढून घ्या, बँक, एलआयसी, रेशन, फंड, सगळीकडं लागतो.

दवाखान्यात माहिती देताना रात्रीच्या घाईत कुणी तरी घरात जे नाव हाक मारायचे तेच सांगतो. आमच्या मोल्डिंग खात्यातल्या एकाचं असं झालं. आधारवर बाळासाहेब, मृत्यूच्या दाखल्यावर बाळासो, आणि पीएफच्या रेकॉर्डला, फार वर्षांपूर्वी पहिल्या कारखान्यात कुणी तरी टाकलेलं, बाळू. माणूस एकच, आणि आख्ख्या कोल्हापूर जिल्ह्याला ते कळतं, पण कॉम्प्युटरला तीन माणसं दिसतात. त्याच्या बायकोचं आधार माहेरच्या नावाचं आणि बँक पासबुक सासरच्या नावाचं. जन्मतारीख आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरी.

अशा वेळी दावा आधी टाकून नशिबाची परीक्षा बघायची नाही. आधी नाव सरळ करायचं. पीएफच्या रेकॉर्डमधली चूक जॉइंट डिक्लेरेशन नावाच्या दुरुस्तीच्या अर्जानं सुधारते. सदस्य हयात नसेल तर नॉमिनी किंवा कायदेशीर वारस हा अर्ज करू शकतो, त्यावर कारखान्याची सही लागते, सोबत आधार, शाळा सोडल्याचा दाखला, पॅन असे पुरावे. मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव दुरुस्त करायचं तर ज्या कचेरीनं दाखला दिला तिथं दवाखान्याचं पत्र आणि आधार घेऊन अर्ज करायचा. बाळासाहेबांच्या घरी आम्ही आधी दाखला, मग जॉइंट डिक्लेरेशन, मग बायकोचं आधार, अशा क्रमानं गेलो आणि तिन्ही दावे एकाच खेपेत पास झाले. नावाचं काम सुटतं तिथं फंडाचं अर्धं काम सुटतं, हा माझा अनुभव आहे.

आणि नवऱ्याचं आधार यूएएनला जोडलेलंच नव्हतं म्हणून कुणी परत पाठवत असेल तर ऐकून घेऊ नका. मेलेल्या माणसाचं आधार आता जोडता येत नाही हे ईपीएफओला कळतं. २०२४ च्या मे महिन्यात त्यांनी अशा दाव्यांसाठी वेगळी सोय केली आहे. अर्ज कागदावर घ्यायचा, अधिकाऱ्यानं चौकशी करून मंजुरी द्यायची.

बँक खात्याबद्दल

खातं एकट्या तुमच्या नावाचं असावं. सासऱ्याबरोबर किंवा दिराबरोबर जोडखातं नको. आपल्या भागात बायकांची खाती पतसंस्थेत असतात, दूध बिलाचं खातं असतं. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, तिचं पासबुक फंडाच्या ऑफिसात चालत नाही. आयएफएससी कोड असलेल्या बँकेत खातं उघडा आणि त्याला तुमचं आधार जोडा. ज्या बँका दुसऱ्या बँकेत विलीन झाल्या त्यांचे जुने कोड बंद झालेत, त्यामुळं जुन्या पासबुकावरून कोड उतरवून घेऊ नका. नाव छापलेला कॅन्सल चेक असेल तर उत्तम, नसेल तर पासबुकाचं पहिलं पान, बँकेचा शिक्का मारून.

कारखान्याकडून काय करून घ्यायचं

टाइम ऑफिसला गेलात की दोन गोष्टी विचारा. शेवटच्या महिन्यापर्यंतची वर्गणी भरली का, आणि नोकरी संपल्याची तारीख टाकताना कारण काय टाकलं. कारणाच्या यादीत "मृत्यू" असा वेगळा पर्याय असतो. नवा क्लार्क असला की घाईत "नोकरी सोडली" वर बोट पडतं. तेवढ्या एका खुणेमुळं रेकॉर्डवर तुमचा नवरा नोकरी सोडून गेलेला दिसतो आणि विम्याचा दावा परत येतो. म्हणून त्यांच्या कॉम्प्युटरवर ते कारण तुमच्यासमोर दाखवायला सांगा. आम्हाला त्याचा राग येत नाही, यायला नको.

नवरा ठेकेदाराकडं असेल तर अडचण जास्त. ठेकेदाराचा पीएफ कोड वेगळा असतो, कारखान्याचा वेगळा. एका ठेकेदारानं आमच्यासमोरच एका बाईला सांगितलं होतं की तुझ्या नवऱ्याचा फंड मी भरतच नव्हतो. पावत्यांवर कपात मात्र होती. तुमच्याकडं अशी एखादी पगार पावती असेल तर जपून ठेवा, ती मोठा पुरावा आहे. ठेकेदाराच्या कामगारांची वर्गणी भरली जाईल हे बघायची जबाबदारी कायद्यानं मूळ कारखान्यावर आहे, त्यामुळं लेखी अर्ज दोघांच्याही नावानं द्या आणि प्रत फंडाच्या ऑफिसला द्या.

कारखाना बंदच पडला असेल, मालक सापडत नसेल, तर फॉर्मवर मालकाऐवजी दुसऱ्या अधिकाऱ्याची सही चालते. राजपत्रित अधिकारी, तुमच्या बँकेचे मॅनेजर, पोस्टमास्तर, गावचे सरपंच, आमदार, खासदार. कोल्हापुरातल्या माणसाला यातले दोघंतिघं तरी ओळखीचे निघतातच. कारखाना बंद आहे असं सोबत एका कागदावर लिहून द्यायचं.

याच खेपेत कारखान्याकडं ग्रॅच्युइटीही मागा. ती फंडाच्या ऑफिसकडून येत नाही, मालक देतो. एरवी तिला पाच वर्षांच्या नोकरीची अट आहे, पण मृत्यू झाला तर ती अट नाही. वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. शेवटचा पगार १३,००० आणि नोकरी आठ वर्षं असेल तर ६०,००० होतात. अपघात कामावर झाला असेल आणि ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, लागू असेल तर आश्रितांना तिकडूनही दरमहा रक्कम मिळते, ती पीएफच्या पेन्शनला पर्याय नाही, वेगळी आहे. आणि नवऱ्याच्या बँक पासबुकात मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये किंवा २० रुपये कापलेले दिसतात का बघा. दिसले तर तो सरकारी विमा आहे. पहिल्याचे दोन लाख कोणत्याही मृत्यूला, दुसऱ्याचे दोन लाख अपघाती मृत्यूला. दावा बँकेत करायचा, आणि तो लांबवायचा नाही.

नॉमिनी कोण, वारस कोण

यावरून घरं मोडताना बघितलीत, म्हणून नियम सरळ सांगते. नवऱ्यानं लग्नाआधी आईचं किंवा भावाचं नाव नॉमिनी म्हणून लावलं होतं आणि लग्नानंतर बदललं नाही, तर ते जुनं नॉमिनेशन लग्नाबरोबर रद्द होतं. लग्न झाल्यावर नवं करावंच लागतं असा पीएफचा नियम आहे. भाऊ "कुटुंब" या व्याख्येत बसतच नाही. पुरुष सदस्याचं कुटुंब म्हणजे बायको, मुलं, त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील, आणि मुलगा आधी वारला असेल तर त्याची बायको-मुलं.

चालू असलेलं नॉमिनेशन नसेल तर पीएफची शिल्लक आणि विमा कुटुंबात समान वाटला जातो. सज्ञान मुलगा आणि जिचा नवरा हयात आहे अशी लग्न झालेली मुलगी, यांना घरात दुसरं कुणी असेल तर वाटा नाही. तुम्ही, दोन लहान मुलं आणि तुमच्या घरी असलेली, मुलावर अवलंबून असलेली सासू, असे असाल तर चार समान वाटे. सासूबाईंचा वाटा नियमानं त्यांचा आहे. तो त्यांना द्यायला लागतो म्हणून भांडण काढू नका, आणि त्यांनी किंवा दिरांनी सगळंच मागितलं तर घाबरूनही जाऊ नका. कुटुंबात कोण कोण आहे याचा तहसीलदारांकडचा दाखला ऑफिस मागेल. सातबाऱ्यावरची तलाठ्याकडची वारस नोंद म्हणजे हा दाखला नव्हे. वारसा प्रमाणपत्रासाठी लगेच कोर्टात वकील लावून पैसे घालवू नका. ऑफिसनं लेखी मागितलं तर बघता येईल.

मुलं अज्ञान असतील तर त्यांच्या वतीनं आई म्हणून तुम्ही सही करता. आई-वडील दोघंही गेले असतील तर पूर्वी कोर्टाकडून पालकत्वाचा दाखला आणायला लागायचा आणि मामा-काका वर्षानुवर्षं फिरायचे. २०२५ पासून पैसे थेट मुलाच्या स्वतःच्या नावाच्या बँक खात्यात जाणार असतील तर तो दाखला मागत नाहीत.

पेन्शनला मात्र नॉमिनीचा प्रश्नच येत नाही. बायको हयात आहे तर विधवा पेन्शन बायकोलाच. कागदावर कुणाचंही नाव असू दे.

पेन्शन

"त्याची तर दहा वर्षं भरली नव्हती, पेन्शन कसली?" हे मी सगळ्यात जास्त वेळा ऐकते आणि हे चुकीचं आहे. दहा वर्षांची अट माणसाला स्वतःला पेन्शन घ्यायची असते तेव्हा. नोकरीत असताना मृत्यू झाला तर पेन्शन योजनेत एका महिन्याची वर्गणी जमा असली तरी पुरते. (अपवाद एवढाच की १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा पीएफ लागला आणि तेव्हाच पगार १५,००० च्या वर होता, तर तो माणूस पेन्शन योजनेत नसतो. विमा त्यालाही असतो.)

रक्कम ठरते ती अशी: नवरा त्या दिवशी निवृत्त झाला असता तर त्याला जी पेन्शन बसली असती ती, किंवा योजनेच्या तक्त्यात त्याच्या पगारापुढं लिहिलेली, किंवा १,००० रुपये. तिन्हीतली सगळ्यात मोठी तुमची. शिवाय एका वेळी दोन मुलांना, प्रत्येकी तुमच्या पेन्शनच्या २५ टक्के. तुमची २,४०० बसली तर मुलांची ६००-६००, म्हणजे घरात ३,६००. मुलाची पेन्शन वयाच्या २५ पर्यंत चालते, मुलगा असो वा मुलगी. तिसरं मूल असेल तर मोठ्याचे २५ पूर्ण झाले की त्याच्या जागी ते येतं, म्हणून फॉर्ममध्ये तिन्ही मुलांची नावं लिहा, दोनच लिहू नका. कायमचं अपंगत्व असलेल्या मुलाला वयाची मर्यादा नाही.

तुम्ही पुन्हा लग्न केलंत तर तुमची विधवा पेन्शन थांबते, पण मुलांची थांबत नाही. उलट वाढून तुमच्या पेन्शनच्या ७५ टक्के होते. वय तिशीचं असलेल्या बायका याच भीतीनं पुढचा विचार करत नाहीत, म्हणून सांगितलं.

१,००० रुपयांत काय होतं, हे मलाही कळतं. २०१४ पासून किमान रक्कम तेवढीच आहे आणि ती वाढायला हवी असं माझं ठाम मत आहे. पण ती महिन्याच्या महिन्याला येते, कुणाला विचारावं लागत नाही, आणि मुलांची मिळून कॉलेजच्या एसटी पासाचा तरी प्रश्न मिटतो.

१०-डी भरताना तुमचे आणि मुलांचे वेगवेगळे फोटो लागतात, एकापेक्षा जास्त प्रती काढा. मुलांचे जन्मदाखले किंवा शाळेचा बोनाफाइड. सही येत नसेल तर अंगठा आणि बोटांचे ठसे.

दाखल केल्यावर

फाइल देताना पोच घ्या, म्हणजे आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का तुमच्या झेरॉक्स प्रतीवर. सगळ्या कागदांचा एक संच घरी. कागद पूर्ण असतील तर वीस दिवसांत दावा निकाली काढायचा असा नियम आहे, आणि विनाकारण उशीर झाला तर १२ टक्के व्याजाची तरतूद आहे. दावा परत आला तर कारण लेखी मागून घ्या. "काही तरी राहिलंय" हे कारण होत नाही.

अडलंच तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर, ईपीएफआयजीएमएसवर, आवक क्रमांक टाकून तक्रार नोंदवा. मराठीत बोलून विचारायचं असेल तर दर महिन्याच्या २७ तारखेला प्रत्येक जिल्ह्यात "निधी आपके निकट" भरतं, सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. तिथं अधिकारी समोर बसलेले असतात. पोच आणि झेरॉक्स घेऊन जा. आमच्या कामगारांच्या बायकांची अडलेली बरीच प्रकरणं तिथं टेबलावरच मार्गी लागलीत, कारण अडचण बहुतेक वेळा एखाद्या कागदाचीच असते आणि समोरासमोर ती पाच मिनिटांत कळते.

पैसे आले की खात्यावर आलेल्या रकमा वेगवेगळ्या बघा. पीएफ आणि विमा या दोन वेगळ्या नोंदी असतील. एकच आली असेल तर दुसऱ्याची चौकशी करा. नवऱ्यानं आधी दुसऱ्या कारखान्यांत काम केलं असेल तर तिथले जुने पीएफ नंबर एकत्र झालेत का, तेही विचारा. राहिलेले असतील तर तो पैसा तिथंच पडून असतो, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

पेन्शन मंजूर झाली की पीपीओ, म्हणजे पेन्शनच्या मंजुरीचा आदेश, मिळतो. त्याचा नंबर दोन-तीन ठिकाणी लिहून ठेवा, मोठ्या मुलाला पाठ करायला लावा. २०२५ च्या जानेवारीपासून ही पेन्शन देशातल्या कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेत घेता येते, त्यामुळं उद्या तुम्ही माहेरी कागलला किंवा मुलाबरोबर पुण्याला गेलात तरी पीपीओ बदलून आणायची गरज नाही. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा, जीवन प्रमाण म्हणतात त्याला. बँकेत, पोस्टात किंवा सेवा केंद्रात आधार आणि पीपीओ नंबर घेऊन गेलं की बोटाच्या ठशावर होतो, घरबसल्या मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो. तो दिल्यापासून पुढं वर्षभर चालतो, नोव्हेंबरच असला पाहिजे असं नाही. ज्या महिन्यात पहिला दाखला दिलात तो महिना पासबुकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. दाखला चुकला तर पेन्शन थांबते, पण रद्द होत नाही. दाखला दिला की थांबलेल्या महिन्यांसकट परत सुरू होते.